फॉरमॅट मारण्याआधी...

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच रामबाण औषध ठरलेलं आहे. फॉरमॅट मारा! मशीन स्लो झालं, मारा फॉरमॅट. प्रिंटर चालेना, मारा फॉरमॅट. व्हायरस असो-नसो, मारून टाका एकदाचा. शाळेत असल्यापासून मी हे ऐकत आलोय. आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते चालूनही जायचं. घरच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर असायचं काय? चार गाणी, दोन गेम आणि कुणाचातरी बायोडाटा. गेला तर गेला.

आता मात्र हेच औषध घराघरातल्या नॅसला पाजायला सुरुवात झालीय, आणि मला वाटतं हे थांबायला हवं.

नॅस म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक छोटा डबा, आत एक-दोन हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची केबल. ती राउटरला लावली की घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना, मोबाईलना आणि टीव्हीला त्यातल्या फाईली दिसतात. पेन ड्राईव्ह इकडून तिकडे नाचवायला नको. दिसायला डबा, पण आतून तो एक अख्खा छोटा लिनक्स कॉम्प्युटर असतो. लोक विसरतात ते नेमकं हेच.

तर माझा मुद्दा एका वाक्यात सांगतो. "डबा कनेक्ट होत नाही" आणि "डेटा गेला" ही दोन पूर्ण वेगळी वाक्यं आहेत. पहिलं ऐकून जो दुसऱ्याचा इलाज सुरू करतो, त्याच्या हातात डबा देऊ नका.

हे सुचायला कारण घडलं केजमध्ये. केज म्हणजे आमचं गाव, बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. माझ्या चुलत भावाचा तिथे फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर घर. लग्नं, साखरपुडे, बारशी, आणि आता धनेगावच्या धरणावर जाऊन प्री-वेडिंगसुद्धा! मांजरेचं एवढं मोठं पाणी पाठीमागे असलं की महाबळेश्वरला कशाला जायचं, असं दादांचं म्हणणं. काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच चौकशी करून दोन डिस्कचा नॅस घेतला आणि वरच्या मजल्यावर राउटरशेजारी ठेवला. खाली एडिटिंग, वर साठा. मस्त चाललं होतं.

ऐन लग्नसराईत त्यांचा फोन आला. "आरं, डबा उघडंनाच गेलाय बघ. दोन दिस झाले. इथला पोरगा म्हणतोय आतलं करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागतोय. मारू का?"

मी म्हटलं, "दादा, कशालाच हात लावू नका. आधी सांगा, आत काय काय आहे?"

आत चार लग्नं होती, अजून पार्टीला न दिलेली. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी रिकामी करून झालेली, म्हणजे दुसरी प्रत कुठेच नाही. आणि त्यातल्या एका लग्नात नवरीचे आजोबा होते. लग्नानंतर तीन आठवड्यांत ते गेले. घरच्यांचा रोज फोन यायचा, बाकी अल्बम होईल तेव्हा होऊ द्या, आजोबा दिसतात तेवढा तुकडा आधी द्या. दादांचा आवाज त्या एका फुटेजसाठी कापत होता. धंद्याचं नुकसान भरून काढता येतं हो, हे कुठून भरून काढणार?

मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत मागून वहिनींचा आवाज आला. "आवं पण टीव्हीवर तर दिसतंय की! काल रातीच कुणाचा तरी साखरपुडा लावला होता लेकरांनी."

मंडळी, निम्मं निदान या एका वाक्यात झालं होतं. टीव्ही त्याच नॅसमधून व्हिडिओ वाचतोय याचा अर्थ डिस्क फिरतायत, फाईली जागेवर आहेत, डब्याची केबल ठीक आहे, राउटर ठीक आहे. बिघाड कुठेतरी डबा आणि तो एक कॉम्प्युटर यांच्या मधे आहे. आणि ज्या डब्यातून काल रात्री साखरपुडा चालला, त्याला फॉरमॅट मारायची तयारी झाली होती!

इथे थोडं विषयांतर. केजच्या शेजारी अंबाजोगाई. तिथे दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब कापड, आणि त्यावर दासोपंतांनी लिहिलेलं 'पंचीकरण'. चारशे वर्षं झाली. तिला लाईट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. उलगडली की समोर अक्षरं. साठवण आणि वाचन यांच्या मधे काहीच नाही. आपल्या डब्याचं तसं नसतं. फाईल आणि आपला डोळा यांच्या मधे वीज, केबल, राउटर, पत्ता, नाव-पासवर्ड आणि विंडोज अशी सहा जणांची रांग उभी असते. त्यातला एक जरी रुसला तरी पडद्यावर येतं तेच: सापडत नाही. सहापैकी कोण रुसलं हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं तर खालून वर, एकेकाला.

दादांना मी फोनवर हेच करायला लावलं. तुम्हालाही कधी लागेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली वीज. डब्यावरचे दिवे लागलेत का, केबलच्या खाचेपाशी बारीक दिवा लुकलुकतोय का? लाईट अचानक गेली असेल तर पुन्हा चालू झाल्यावर डबा आपल्या डिस्क तपासत बसतो. तेव्हा पाच-दहा मिनिटं थांबा, सारखं बंद-चालू करू नका. लिहिता लिहिता मधेच वीज गेली तर मात्र फाईली खरोखर खराब होऊ शकतात. म्हणून आपल्याकडे नॅसच्या आधी यूपीएस घ्यावा या मताचा मी आहे.

दुसरी केबल. चालू असलेली दुसरी केबल लावून बघा, दोन मिनिटांचं काम. गंमत अशी की केबल अर्धवट तुटली तरी कनेक्शन चालू राहू शकतं. आत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. उंदराने एक जोडी कुरतडली किंवा जॅक नीट क्रिम्प झाला नाही, की डबा चालतो पण रडत रडत. सेकंदाला १०० एमबीच्या वर कॉपी होणारी फाईल ११ एमबीवर येते. "डबा स्लो झालाय" म्हणून डिस्क बदलायला निघालेल्यांनी आधी ४०-५० रुपयांची केबल बदलावी.

तिसरा राउटर. हल्ली बऱ्याच घरांत फायबरवाल्याचा एक राउटर असतो आणि दुसऱ्या मजल्यावर रेंज यावी म्हणून जुना दुसरा जोडलेला असतो. वाय-फायचं नाव सारखंच, पण प्रत्यक्षात दोन वेगळी नेटवर्क. कॉम्प्युटर एकात, डबा दुसऱ्यात, मग नेटवर्कच्या यादीत डबा दिसणार कसा? पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायचंही तेच. ते मुद्दामच असं बनवलेलं असतं की घरातली यंत्रं पाहुण्याला दिसू नयेत.

चौथा पत्ता. बहुतेक घरांत राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो, १९२.१६८.१.५ वगैरे. हा पत्ता कायमचा नसतो, भाड्याने दिलेला असतो. लाईट जाऊन आली, राउटर आणि डबा दोघे पुन्हा उठले, की पाच नंबरचा डबा अकरा नंबरवर गेलेला असू शकतो. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा की राउटरने पत्ता दिलाच नाही, यंत्राने स्वतःच मनाने एक लावून घेतलाय. अशा वेळी परत केबल आणि राउटरकडे वळायचं.

दादांकडे पहिली गडबड इथेच निघाली. त्या आठवड्यात वादळी पावसाने लाईट दोनदा गेली होती. खालच्या कॉम्प्युटरवर डब्याचा जुना पत्ता भरलेला, डबा मात्र नव्या पत्त्यावर राहायला गेलेला. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, त्यात नवा पत्ता सापडला. तो ब्राउझरमध्ये टाकताच डब्याचं स्वतःचं पान उघडलं, आणि त्यावर दोन्ही डिस्कपुढे हिरवी खूण. दादा दोन सेकंद काही बोललेच नाहीत.

तरी फोल्डर उघडेना. म्हणजे गडबडी दोन होत्या, आणि म्हणूनच तो पोरगाही चक्रावला असणार. इथे नाव-पासवर्ड आणि विंडोज ही शेवटची जोडगोळी आडवी आली. पडद्यावर इंग्रजीत एक निरोप होता. त्याचा अर्थ असा, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न देता पाहुणा म्हणून या फोल्डरमध्ये जायला मनाई आहे. दादा वैतागले. "कुठली संस्था? दुकानात मी आन् एक पोरगं!"

यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. विंडोज आणि नॅस ज्या भाषेत बोलतात तिचं नाव एसएमबी. तिची पहिली आवृत्ती फार जुनी आणि भोकं पडलेली. त्यातल्याच एका भोकातून १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला आणि ब्रिटनमधली सरकारी दवाखान्यांची यंत्रणासुद्धा खोळंबली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्यानेही हेच भोक वापरलं, आणि त्याचा फटका थेट आपल्या न्हावा शेवापर्यंत पोचला. तिथल्या बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम अडलं. हे भोक बुजवणारा पॅच मार्च २०१७ मध्येच आलेला होता, पण लोकांनी लावला नव्हता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने दारं एकेक करून बंद करायला घेतली. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती येणं बंद झालं. ऑक्टोबर २०२४ च्या विंडोज ११ मधल्या २४एच२ आवृत्तीत, प्रो घेतली असेल तर, पाहुणा म्हणून विनापासवर्ड घुसणंही बंद.

आता यात भर घाला १४ ऑक्टोबर २०२५ ची. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्यामुळे पुष्कळ लोकांनी जुनी मशीनं बदलली, दादांनीही बदललं. जुनं एक्सचेंजमध्ये गेलं, नवं विंडोज ११ वालं आलं. डबा तोच, केबल तीच, फाईली त्याच. नव्या कॉम्प्युटरने फक्त दारात थांबून विचारलं, "ओळख दाखवा". डब्यावर पासवर्ड कधी ठेवलेलाच नव्हता, कारण दादांना तो विकणाऱ्याने "कटकट नको" म्हणून तसाच सुरू करून दिला होता.

इलाज काय? डब्याच्या पानावर जाऊन एक युजर आणि पासवर्ड तयार केला, तोच विंडोजमध्ये भरला. फोल्डर उघडलं. पत्ता पुन्हा बदलू नये म्हणून राउटरमध्ये डब्यासाठी एक पत्ता राखून ठेवला. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं, तीही फोनवर. आजोबांचा तुकडा त्याच संध्याकाळी पेन ड्राईव्हवरून त्या घरी गेला.

इथे विंडोजमधली सुरक्षाच बंद करायचा शॉर्टकटही असतो, आणि तो सांगणारे भरपूर भेटतात. माझा त्याला विरोध आहे. कुलूप लागत नाही म्हणून कुणी दार काढून ठेवत नाही. डबा इतका जुना असेल की त्याला नवी भाषा येतच नाही, तर फाईली बाहेर काढा आणि डबा बदला.

तीच गोष्ट डबा बाहेरून, म्हणजे पुण्यातून किंवा दुबईतून उघडता यावा म्हणून राउटरला भोक पाडण्याची. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाईव्ह या मॉडेलचे डबे जगभर इंटरनेटवरून कुणीतरी रीसेट करून टाकले. लोकांनी सकाळी बघितलं तर वर्षानुवर्षांचे फोटो साफ. त्या मॉडेलला कंपनीचं शेवटचं अपडेट २०१५ सालचं होतं. कंपनीने सांगितलं, डबा इंटरनेटवरून काढा. तो सल्ला मी सगळ्यांनाच देईन. घरचा डबा घरातच बरा. बाहेरून लागणारच असेल तर व्हीपीएन वापरा.

आता तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला, सगळं क्लाऊडवर टाका की! पुण्या-मुंबईत बसून हे बोलायला सोपं आहे. एका लग्नाचं कच्चं फुटेज ३०० जीबी धरा. २० एमबीपीएसने अपलोड केलं तर ३३ तास लागतात, तेही लाईट आणि नेट एकदाही न जाता. सीझनमध्ये आठवड्याला तीन लग्नं असली तर? क्लाऊडवर तयार झालेला व्हिडिओ जरूर ठेवा, पण कच्चा माल घरातच राहणार. केजला राहणार, तसाच कोथरूडच्या टू बीएचकेमध्येही राहणार.

मग माझं म्हणणं नेमकं काय? त्या फॉरमॅटवाल्या पोराला मी शिव्या घालणार नाही. त्याचा धंदा बघा ना. फॉरमॅट मारला की ठरलेले पैसे मिळतात, कारण काहीतरी केलेलं दिसतं. अर्धा तास डोकं लावून "पत्ता बदललाय" एवढंच सांगितलं, तर गिऱ्हाईक म्हणणार, एवढ्याचे कसले पैसे? आपण करण्याचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. डॉक्टरला तपासणीची फी मुकाट्याने देणारे आपण, कॉम्प्युटरवाल्याला मात्र इंजेक्शन टोचल्याशिवाय पैसे देत नाही. मग तो टोचतो! म्हणून यापुढे सरळ सांगा, "बाबा, तपासायचे तीनशे घे, पण मला विचारल्याशिवाय काही पुसू नकोस."

आणि एक धोका आवर्जून सांगतो. कुणी डब्यातली डिस्क काढून थेट विंडोजला जोडून बघायला लागला तर त्याचा हात धरा. लिनक्सची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे ते शांतपणे विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करू का? तिथे एकदा 'हो' म्हटलं की कनेक्शनचं दुखणं खरोखरच डेटाचं दुखणं होतं. डब्यामागच्या रीसेटच्या बारीक भोकात टाचणी घालण्याआधीही त्या मॉडेलचं माहितीपत्रक वाचा. किती सेकंद दाबलं की काय पुसलं जातं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्तही राहू नका. एक डिस्क मेली तर दुसरी सांभाळते, पण चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. दादांनी आता एक साधी बाहेरची हार्ड डिस्क घेतलीय. लग्न पार्टीच्या हातात पडेपर्यंत त्याची एक प्रत तिच्यात राहते, आणि ती डिस्क काकांच्या घरी कपाटात.

शेवटी एक काम सांगतो, याच शनिवार-रविवारी करा. एक कागद घ्या. त्यावर डब्याचा पत्ता, युजरचं नाव, कुठली केबल कुठे जाते, ठीक असताना कुठले दिवे कुठल्या रंगाचे असतात, आणि पासवर्ड कुठल्या वहीत आहे एवढं मराठीत लिहा आणि राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग घरातल्या कुणालातरी, आईला म्हणा, वहिनींना म्हणा, तो कागद वाचून डब्याचं पान एकदा उघडायला लावा. आपल्याला नोकरीमुळे शेकडो किलोमीटर लांब राहायचं आहे. डब्याशेजारी राहणारी माणसं वेगळी आहेत, आणि टीव्हीवर साखरपुडा दिसतोय हे त्यांनाच दिसतं.

असो. खूप लांबलं. कागद मात्र आजच लिहा.